पत्र्याचं माप

कासामाच्या रस्त्यावर, जिथे वळणाला लॉऱ्या हळू होतात,
चिलुफ्याची आई माझ्या शेजारी बसायची.
तिच्या पुढ्यात अळ्या, माझ्याही पुढ्यात अळ्या,
उकळून, मीठ लावून, उन्हात खडखडीत केलेल्या.
माप दोघींचं एकच, तेलाचा रिकामा डबा,
वर शीग.
शीग ढासळेपर्यंत गिऱ्हाईक हात मागे घेत नसे.

तेव्हा मुपुटूची झाडं परसातूनच सुरू व्हायची.
जंगल असं आम्ही कुणी म्हणत नसू,
म्हणायचो, जरा मागे जाऊन येते.
मागे म्हणजे सरपण, अळंबी, तापावरची साल,
मागे म्हणजे नव्या सुनेला
पोटभर रडून घ्यायची जागा.

नोव्हेंबरात आभाळ कोरडं असलं तरी
पाचोळ्यावर सर पडल्यासारखा आवाज यायचा.
वर लाखभर तोंडं पाला कुरतडायची
आणि खाली त्यांची बारीक काळी लेंडी टपटपायची.
म्हातारा काबांगा बोट वर करायचा : अजून नाही.
आधी त्यांचं पोट भरू द्या, मग आपलं.
त्याआधी कुणी एक जरी उचलली
तर दंड एक कोंबडी.
मी दिली आहे एकदा.
तांबडी होती, पायांवर पिसं असलेली. अजून आठवते.

त्या डब्यांवर बेसाची सहावीपर्यंतची शाळा झाली,
एक सायकल झाली,
सासूबाईंच्या शवपेटीला फळ्या झाल्या.

मग मुकुला शोधत माणसं आली.
त्यांना फक्त लाल लाकूड हवं होतं,
पण लाल लाकडापर्यंत जायला रस्ता हवा होता
आणि रस्ता एकदा झाला
की तो कुणालाच नाही म्हणत नाही.
त्याच रस्त्यानं शहराची चूल आली,
रिकामी पोती घेऊन.

खोटं कशाला बोलू.
पहिली कुऱ्हाड बाहेरची होती.
दुसरी आमच्या दारामागे टेकलेली असायची.
फी थकली म्हणून बेसा सातवीतून घरी आला,
म्हणाला, मुपुटूचा कोळसा बराच वेळ धगधगतो, त्याला भाव आहे.
मातीच्या ढिगाखाली दहा दिवस त्यानं ओंडके धुमसत ठेवले.
रात्री उठून भोकं बुजवायचा,
तान्ह्याचं पांघरूण सारखं करावं तसा.
मी त्याला लापशी नेऊन दिली.
माझा हात तेवढाच.
तेवढाही हातच म्हणायचा.

आता सरपणाला नात आणि मी अंधारात निघतो,
परततो तेव्हा शाळेची दुसरी घंटा होऊन गेलेली असते.
घेवडा शिजायला फार लाकूड खातो,
म्हणून घेवडा रविवारी.
एरवी मक्याची बुरकुंडं, चटकन होणारा पाला,
आणि धूर.

मागच्या महिन्यात पोती विकायला कासामाला गेले.
चिलुफ्याची आई बसली होती. तिच्या पुढ्यात अळ्या!
कुठल्या गं, विचारलं.
काँगोच्या, म्हणाली, व्यापाऱ्याकडून घेते.
डबा गेला होता, चहाचा कप आला होता.
तिनं कप भरला, माझ्याकडे पाहिलं,
आणि तळहातानं शीग सपाट केली.
नंतर काय वाटलं कुणास ठाऊक,
चार अळ्या वर टाकल्या.
नोटेवर माझी बोटं काळी उमटली,
तिनं ती नोट तशीच कापडात खोचली.

रात्री कासुबानं कप रिकामा करत विचारलं,
आजी, ह्या कुठल्या झाडावर होतात?
मी म्हटलं, मागे.
ती उठून मागे बघून आली.

सकाळी मीही गेले.
बेसानं तोडलेल्या एका खुंटाला
गुडघ्याएवढे फुटवे आले आहेत, नवा पाला, लालसर, ओला.
शेजाऱ्यांची शेळी तिकडेच निघाली होती.
मी बोट वर केलं : अजून नाही.
शेळी थांबली नाही.
मग मी खडा उचलला.